रवादारी की बर्दाश्त?

मी उत्तर इंग्लंडमध्ये इंग्रजी-उर्दू दुभाषी आहे. माझे आजोबा परभणीचे. निजामाच्या राजवटीत त्यांची शाळा उर्दूतून झाली, अलिफ-बे मला त्यांनीच गिरवायला लावलं. इथली बहुतेक कामं दवाखान्यातली. त्या संध्याकाळचं काम मात्र चर्चच्या हॉलमध्ये होतं. एप्रिल २०१९. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींत ५१ जीव घेणाऱ्या गोळीबाराला महिना झाला होता, आणि चर्च, मशीद व कौन्सिल मिळून धार्मिक सहिष्णुतेच्या प्रतिज्ञेवर सह्या करणार होते.

बुकिंगवर 'उर्दू' होतं. समोरच्या आजी पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूरच्या, घरी पहाडी बोलणाऱ्या. मंगला धरणात गावं बुडाली तेव्हा तिकडची कितीतरी कुटुंबं इंग्लंडला आली. त्याला अर्धं शतक होऊन गेलं, तरी एजन्सीच्या लेखी पाकिस्तानी म्हणजे उर्दू. दवाखान्यात यापायी दुखणं एक आणि सांगितलं जातं दुसरंच, म्हणून माझा जीव जळतो. आजींना उर्दू येत होती, निभावलं.

पहिल्याच वाक्यात शब्द आला, 'टॉलरेट'. आम्ही एकमेकांच्या धर्माला टॉलरेट करू. दुभाष्याला विचार करायला एका श्वासाएवढा वेळ मिळतो. 'बर्दाश्त करना' म्हणजे दाढदुखी सोसावी तसं सोसणं. 'रवादारी'त दुसऱ्याचं त्याच्या जागी रास्त मानणं आहे, मन मोठं लागतं. मी रवादारी म्हटलं. आजींनी समाधानाने मान हलवली. मागून त्यांचा मुलगा म्हणाला, "नहीं अम्मी, इन्होंने बर्दाश्त लिखा है."

त्याचं बरोबर होतं. पदरचं घालायचं नाही, मूळचं गाळायचं नाही, हा आमचा पहिला नियम, आणि मी कागदाला त्याच्यापेक्षा चांगलं केलं होतं. हात वर करून "दुभाषी बोलतेय" म्हटलं आणि दोन्ही अर्थ दोन्ही भाषांत मांडले.

आजी म्हणाल्या, "बर्दाश्त तो हम पचास साल से कर रहे हैं, बेटी. पूछो इनसे, मेरी खिड़की टूटी तब कौन आया?"

दुभाषी 'त्या विचारतात' म्हणत नाही. "माझी खिडकी फुटली तेव्हा कोण आलं?" मीच इंग्रजीत विचारलं. हॉल गप्प.

अशा घोषणा पोकळ असतात असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना पत्र लिहिलं, तेव्हा पुढच्या वर्षी रोममध्ये दोन्ही बाजू खरोखर समोरासमोर बसल्या. ४ फेब्रुवारी २०१९ ला अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोच्या अल-अझर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. चाळीस दिवस व्हायच्या आत क्राइस्टचर्च घडलं. बंदूक घेऊन येणारा अशा सह्यांना बांधील नसतोच. पण ज्यांनी सही केली त्यांना तरी आजींसारखं कुणी जाब विचारू शकतं, आणि मला त्यातच या कागदांचा उपयोग दिसतो.

कौन्सिलचे साहेब म्हणाले, मजकूर मंजूर झालाय, बदलता येणार नाही. खिडकीबद्दल अवाक्षर नाही. चर्चच्या धर्मगुरू, व्हिकरबाई, उठल्या, आजींच्या प्रतीमागे स्वतःचा फोन नंबर लिहिला, "रात्रीसुद्धा करा" म्हणाल्या. इमामसाहेबांनी खाली आपला लिहिला. आजींनी सही केली नाही. नंबर वर राहतील अशी घडी घालून कागद पर्समध्ये ठेवला.

घरी येताना बसमध्ये 'सहिष्णुता' शब्द मनात घोळत होता. त्यातही सोसणंच आहे. आणि तो मुलगा बोलला नसता तर माझी रवादारी तशीच खपली असती, आजींनी आनंदाने सही केली असती, खिडकीचा विषय निघालाच नसता. हे मला अजून बोचतं.