आमची वाटचाल : ठोकळ्यातून पेटी

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा आणि एक जुनी व्हीएमसी (संगणकाने चालणारं धातू कोरायचं मशीन), एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. गाड्यांच्या पार्टांचं जॉबवर्क चालायचं. एके दिवशी ओळखीतून लष्करी वाहनात बसणाऱ्या संगणकाच्या पेटीचं ड्रॉइंग हाती आलं आणि मी कोटेशन देऊन बसलो.

६०६१-टी६ या मजबूत जातीच्या ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून पेटी कोरायची. ठोकळ्याचा बराचसा भाग चुरा होऊन जातो, उरतात त्या पातळ भिंती. त्या वाकू न देणं हीच कसोटी. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून पेटीला भोकं नाहीत, आत पंखाही नाही. उंचावर हवा विरळ, तिथे पंख्याचा जोर तसाही कमी पडतो. म्हणून कार्डाच्या, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाच्या, कडा वेज-लॉकने (पाचरीसारख्या पकडीने) भिंतीतल्या खोबणीत घट्ट दाबायच्या. उष्णता भिंतीतून बाहेरच्या फिन्सपर्यंत, म्हणजे थंड करणाऱ्या पातळ पात्यांपर्यंत, जाते. खोबणी खडबडीत राहिली की कार्ड तापलंच.

पहिला लॉट पाणी, धूळ, हादरे सगळ्यांत पास झाला. ईएमआय (विद्युतचुंबकीय हस्तक्षेप) चाचणीत मात्र नापास. पेटीतून रेडिओ लहरी बाहेर येत होत्या. तीन दिवस आम्ही कनेक्टर तपासत बसलो. शेवटी आमच्या फिटरने झाकण आणि पेटी यांच्यावर मल्टिमीटर लावला, तर काटाच हलेना. ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेल्या संरक्षक ऑक्साइडचा, थर वीज वाहू देत नाही. झाकण आणि पेटी विजेने जोडलेली नसली की फटीतून लहरी निसटतात. फटीत वाहक गॅस्केट (वीज वाहणारी पट्टी) होतं, पण ते या थरावर बसलेलं, म्हणजे असून नसल्यासारखं. गॅस्केटच्या जागी मास्किंग करून (ती जागा झाकून, ॲनोडायझिंग न करता) क्रोमेट हा वीज वाहणारा थर द्या, असं ड्रॉइंगच्या तळटीपेत स्पष्ट लिहिलं होतं. ती मी वाचली नव्हती. थर उतरवायला गेलो तर धातूही गेला, मापं बाहेर पडली. अख्खा लॉट आमच्या खर्चाने पुन्हा केला. ती काळजी घरी कोणाला सांगवत नव्हती.

आज प्रत्येक पेटी पॅकिंगआधी त्याच फिटरच्या हातून मल्टिमीटरखालून जाते. तळटिपा आधी, मग मापं, असं ड्रॉइंग वाचायला मी नव्या पोरांना स्वतः शिकवतो.

चाचण्यांना महिने लागतात, तोवर पैसा अडकतो. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. पण ते दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात; पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तरच माल पोहोचल्यापासून. हे या धंद्यात येणाऱ्याने आधी समजून घ्यावं.

आता १०० बाय १६० मिलिमीटरच्या कार्डावरचे प्रोसेसर इतके तापतात की नुसत्या फिन्स पुरत नाहीत. म्हणून भिंतीतच द्रव खेळवायचे मार्ग कोरतो आहोत. पहिला नमुना सध्या गळतीच्या चाचणीवर आहे.