वसंतातले बेडूक: पालवीची वाट पाहू नका, लव्हाळ्यात शिरू नका

‘पालवी फुटली की निघा, बेडूक हमखास दिसतील’ या सल्ल्यापायी आमचे दोन दिवस फुकट गेले. आम्हाला पाहायचा होता तो युरोपातला तपकिरी बेडूक, राना टेम्पोरारिया. तो बर्फ वितळताच पाण्यावर येतो आणि एका तळ्यावरची गर्दी थोड्याच दिवसांत पांगते. आम्ही पोचलो तेव्हा काठाला फक्त अंड्यांचे गोळे तरंगत होते. (लांब माळा दिसल्या तर त्या भेकाच्या, म्हणजे बेडकाच्या खरखरीत कातडीच्या भाऊबंदाच्या, टोडच्या.) उंचावर थंडी उशिरा सरते, म्हणून तिसऱ्या दिवशी वरचं तळं गाठलं.

आणि तिथे लव्हाळ्यातून जवळची वाट धरली. नकाशात जेमतेम तीनशे मीटर. आम्हाला दीड तास लागला. गवताचे गड्डे भक्कम वाटतात, पाय ठेवला की कलंडतात. एकदा मांडीपर्यंत रुतलो, गमबूट आतच राहिला, हात घालून उपसून काढावा लागला. वर उथळ पाण्यातली अंडी पायाखाली जातात ती वेगळीच. ही वाट कुणीही घेऊ नये. बांधावरून वळसा घाला, अर्ध्या तासात कोरड्या पायांनी पोचाल. येताना आम्ही तेच केलं.

दुपारी जाऊ नका. रात्र हवी, भुरभुर पाऊस हवा, हवा पाच अंशांच्या वर हवी. पावलं वाजली की सगळं चिडीचूप होतं. टॉर्च बंद करून दहा मिनिटं निश्चल बसा. डराँव डराँवची वाट पाहत बसलात तर चुकाल. हे बेडूक घरघरतात, लांबून मोटारसायकल जावी तसे. मग हेडटॉर्च डोळ्यांच्या रेषेत मंद लावा, डोळे चमकतात.

माझ्यापासून हातभर अंतरावर एक जोडी होती. नराच्या अंगठ्यावरची काळी खरखरीत गादी मादीच्या छातीवर घट्ट रुतलेली, शेजारी नुकतीच घातलेली अंडी, अजून न फुगलेली, मुठीत मावतील एवढीच. थंडी, चिखल, सगळं विसरलो.

हात लावू नका. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते, आपल्या हातांवरचं डासांचं मलमसुद्धा. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट घासून, धुऊन पूर्ण वाळवा. कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते आणि तिने बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या आहेत. माझे बूट अजून ओले आहेत, म्हणून उद्याचं तळं मी रद्द केलंय.