खात्री करून घेण्याची सवय सुटताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गेज लावायचा, जॉब पास की रिजेक्ट ते ठरवायचं, शंका असेल तर पुन्हा मोजायचं. या कामात शंकेखोर माणसाची कदर होते, त्यामुळे माझ्या स्वभावाचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

मुलगी दहावीत गेली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली, हे सगळं एकाच वर्षात. एकेक प्रकरण निस्तरत गेलं, काळजी मात्र गेली नाही. ती फक्त विषय बदलायची. ऑपरेशन नीट झालं तर गृहकर्ज, ते नाही तर गॅस बंद केला होता का. रात्री तीनला टक्क जाग. खांदे आखडलेले, पोटात गोळा, घरात बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड. मग कंपनीच्या बसमध्ये नाशिक फाट्याच्या आसपास छातीत धडधडायला लागलं, बोटांना मुंग्या आल्या. हे हृदयाचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

ईसीजी नॉर्मल आला. बरं वाटलं, ते संध्याकाळपर्यंत. मग वाटायला लागलं, धडधडत होतं तेव्हा कुठे काढला होता ईसीजी? दुसऱ्या डॉक्टरांकडे टूडी इको. तोही नॉर्मल, आणि दिलासाही तसाच तात्पुरता. सोसायटीत प्रत्येकाकडे उपाय तयार होताच: अश्वगंधा घ्या, विपश्यना करा, रोज पर्वती चढा. पर्वती चढलो. चढताना नाडी वाढणारच, पण मी दर टप्प्यावर मानेला बोट लावून ती मोजत उभा. देवदर्शन राहिलं बाजूला.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड तपासला, कारण तो जास्त चालत असला तरी धडधड, थरथर, अस्वस्थपणा असाच होतो. तो ठीक निघाल्यावर म्हणाले, ‘‘आता छातीच्या तपासण्या बास. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.’’

तिथल्या बाकावर ओळखीचं कोणी भेटू नये अशी प्रार्थना करत बसलो होतो. पुण्यात अशी प्रार्थना फळत नाही. शेजारच्या गल्लीतले एक सर समोरच बसले होते; दोघांनीही मोबाइलमध्ये डोकं घातलं.

डॉक्टरांनी सात प्रश्नांचा मराठी फॉर्म भरून घेतला. गेल्या दोन आठवड्यांत कितपत त्रास झाला, त्यावर प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 21. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नीट तपासावं लागतं. माझे पंधराच्याही वर होते. नुसत्या फॉर्मवर निदान करत नाही, असं सांगून त्यांनी बरंच विचारलं. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, अनेक विषयांची, आवरता न येणारी काळजी आणि जोडीला झोप, थकवा, आखडलेलं अंग. याला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. मुंग्यांचं कारणही कळलं: घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हे ऐकून हायसं वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी श्वास मोजायला लागलो!

एस्सिटालोप्राम नावाची काळजी कमी करणारी गोळी लहान डोसपासून सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मळमळ, आणि बेचैनी उलट वाढली. तसं होऊ शकतं, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून टिकलो. शांत करणारी दुसरी गोळी थोड्याच दिवसांपुरती होती, कारण तिची सवय लागते.

खरी मेहनत समुपदेशनात होती. कर्वे रोडजवळ बसणाऱ्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी वहीत काळजी लिहायला सांगितली नाही. काळजी घालवण्यासाठी मी काय काय करतो ते लिहायला सांगितलं. यादी वाढतच गेली. बायकोला फोन, मुलीचं लोकेशन, गुगल, नाडी, कुलूप ओढून बघणं. मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, एवढं करून झालेली खात्री टिकते किती वेळ?’’

मग गृहपाठ सुरू. कुलूप एकदाच ओढायचं. मुलगी क्लासला असताना फोन करायचा नाही.

एका पावसाळी संध्याकाळी ती सदाशिव पेठेतल्या क्लासहून यायला उशीर झाला. माझा मोबाइल बायकोने स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला होता. मी येरझाऱ्या घालतोय, डोळ्यांसमोर लकडी पूल, घसरलेल्या गाड्या, काय काय. अस्वस्थपणा चढला, चढूनच राहिला, आणि मग आपोआप उतरायला लागला. ती भेळ खाऊन हसत घरी आली, त्याच्या आधीच उतरला होता! ती सुखरूप आहे हे कळण्याआधी मी शांत होऊ शकतो, हे मला त्या वयात नवीन होतं.

मॅडमना मी म्हटलं, कारखान्यातही आम्ही प्रत्येक नग मोजत नाही. लॉटमधले ठरावीक नग तपासतो आणि बाकीची जोखीम पत्करून माल सोडतो. त्यांना हे फार आवडलं.

खर्चाचं सांगायचं तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखेच धरायला लावलेत. पण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चच नाही, त्यामुळे सगळं खिशातून. शासनाच्या टेली-मानसवर, म्हणजे 14416 ला, मात्र चोवीस तास फुकट आणि मराठीत बोलता येतं.

गोळी अजून चालू आहे. बरं वाटायला लागल्यावरही ती बरेच महिने घ्यायची असते, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. आई अजून म्हणते, ‘‘कशाला रे त्या गोळ्या?’’ रात्री तीनची जाग अधूनमधून येते.

परवा कँटीनमध्ये शॉपवरच्या एकाने हळूच माझ्या डॉक्टरांचा नंबर मागितला. त्यालाही बसमध्ये धडधडतं. नंबर दिला. आधी तुझ्या फॅमिली डॉक्टरांकडून ईसीजी आणि थायरॉइड करून घे म्हटलं, आणि ते सांगतील तेवढंच कर. त्याच्या खिशात तीन ईसीजी आधीच होते.