तोपर्यंत जुनी चालू द्या

दुपारच्या सुस्तीत एखाद्या मराठी मासिकाची जुनी वेबसाइट उघडावी. वर ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ म्हणत सरकणारी पट्टी, तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा, आणि लेखाच्या पहिल्याच ओळीत ‘गेल्या वषीर्’. हा ‘वषीर्’ दिसला की लेख राहतो बाजूला. कधीतरी घाईघाईत जुन्या फॉन्टमधून युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात बिऱ्हाड हलवलेलं दिसतंय! जुन्या फॉन्टांत रफार अक्षरानंतर यायचा, युनिकोडला तो ‘र्’ आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलट. ही अदलाबदल चुकली की धर्माचा ‘धमर्’ होतो. शब्दाच्या शेवटी आलेला ‘र्’ शोधला की असे पुष्कळ सापडतात, कारण मराठी शब्द सहसा ‘र्’वर संपत नाही. ‘मागार्वर’ मात्र त्या जाळ्यातून निसटतो. तिथे चष्मा लावून वाचणारा माणूसच लागतो, आणि त्याला महिने लागतात.

तेवढे महिने साइट बंद ठेवायची? ‘लवकरच नव्या रूपात’ अशी पाटी लावून मोकळे होणारे आहेत. त्या पाटीचा मनस्वी राग येतो. चाळीच्या पुनर्विकासात बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात हलवावी लागतात, कारण नवी इमारत त्याच जागेवर उभी राहायची असते. इथे जागेची ददात नाही. नवी साइट शेजारच्या सबडोमेनवर, म्हणजे त्याच नावाआधी एक शब्द जोडलेल्या पत्त्यावर बांधा, दाराला पासवर्ड लावा, जुनीत चूल पेटती राहू द्या. पासवर्डच हवा, सर्च इंजिनांसाठी दारावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर, म्हणजे नुसत्या रोबोट्स फाइलवर भिस्त ठेवली, तर दुसरीकडून दुवा मिळाल्यावर गूगल तो पत्ता यादीत दाखवू शकतं. वर्डप्रेस या साइट बांधायच्या प्रणालीत सर्च इंजिनांना ‘येऊ नका’ सांगणारी एक टिकही असते. ती करायला सगळ्यांना आठवतं, उद्घाटनाच्या दिवशी काढायला नाही. मग महिनाभराने प्रश्न पडतो, वाचक गेले कुठे.

खरी मेख पत्त्यांत आहे. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, वेबच्या पत्त्यात टक्क्यांच्या खुणांसकट त्याची नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला 200 चिन्हं देतं, म्हणजे काना-मात्रा वेगळे मोजून जेमतेम 22 अक्षरं. ‘दुष्काळातले दिवस आणि आमचं गाव’ हे शीर्षक ‘आमच’पाशी तुटतं, अनुस्वारही जातो. नव्या प्रणालीने शीर्षकावरून पूर्ण पत्ता बनवला, की कुणीतरी कधीकाळी जपून ठेवलेला तुटका दुवा 404वर, म्हणजे ‘पान सापडलं नाही’वर आपटतो. म्हणून आधी जुने पत्ते यादीत उतरवायचे, साइटमॅप या पानांच्या यादीतून आणि सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे भेटींच्या नोंदवहीतूनही. साइटमॅप विसरलेली पानं लॉगला आठवतात. प्रत्येकासमोर नेमका नवा पत्ता आणि 301, म्हणजे ‘कायमचं हललंय, तिकडे जा’ हा संकेत. सरसकट सगळ्यांना मुखपृष्ठावर पाठवणं म्हणजे पोस्टमनने गल्लीची पत्रं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे टाकून जाणं.

साइटच्या नावाचा पत्ता इतरांनी किती वेळ साठवून ठेवायचा तो आकडा म्हणजे टीटीएल. तो नव्या साइटवर जायच्या दोन दिवस आधी 86400 सेकंदांवरून 300 वर आणायचा. आयत्या वेळी कमी करून उपयोग नाही, तोवर चोवीस तासांचा जुना आकडा ठिकठिकाणी साठवलेला असतो. त्या रात्री तासभर प्रतिक्रिया आणि वर्गणीचे फॉर्म बंद ठेवून डेटाबेसची शेवटची नक्कल घ्यायची, नाहीतर मधल्या वेळातली वर्गणी जुन्या घरातच राहते. आणि बदलायची ती फक्त ए नोंद, साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी. या नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हरच बदलले आणि ईमेल कुठे पोचवायचं ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी तिकडे उतरवल्या नाहीत, तर साइट झकास दिसते आणि ईमेल गुपचूप थांबतं. न आलेलं पत्र कळणार कसं?

जुना सर्व्हर आणखी पंधरा दिवस भाडं भरून चालू ठेवलेला बरा.

राहता राहिली हॉस्ट्स फाइल. नवी साइट खऱ्या नावाने आधीच पाहता यावी म्हणून आपल्या संगणकात तिथे एक ओळ टाकलेली असते. ती काढायची राहिली आणि ए नोंदीतला बदल जतनच झाला नाही, तर आपल्याला पत्ताच लागत नाही. आपल्या पडद्यावर नवी साइट झळकत असते, चहा ठेवलेला असतो, आणि बाकी सगळ्यांकडे ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ अजून सरकतच असतं.