मलेरियाची गोष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे, आणि एकदाच लिहिणार आहे. गेली चार वर्षं हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. "मॅडम, सिकलसेलच्या शिबिरात तुमचं ते मलेरियाचं भाषण असायचं, ते बंद का केलंत?"

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. विचारणारे उत्तराची वाटही बघत नाहीत. कुणी म्हणतं, वय झालं. कुणी आवाज खाली आणून म्हणतं, "वरून काही दबाव?" २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, त्याचा माझ्या गप्प बसण्याशी संबंध कुणी लावला देव जाणे. आणि मी 'देव जाणे' म्हटलं की तिसरा गट खूश. मॅडम देवाधर्माला लागल्या!

नाही लागले. बत्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, ते निवृत्तीच्या दिवशी स्टाफरूमच्या कपाटात ठेवून आले नाही. नागपूरच्या माणसाला तर मी अजूनही संत्र्यावरूनच सुरुवात करून देते. आपल्याला संत्रं लागतं, कारण क जीवनसत्त्व आपलं शरीर बनवत नाही. गायीचं बनवतं, गल्लीतल्या कुत्र्याचंही बनवतं. ते बनवणारं 'गुलो' नावाचं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. रामटेकच्या गडावर तुमच्या हातातला प्रसाद पळवणाऱ्या वानरातही ते मोडकंच आहे. गिनीपिगमध्येही बिघडलंय, पण तिथली मोडतोड निराळी. आपली आणि माकडांची बरीचशी एकाच ठिकाणी. दोन पोरांच्या पेपरात तीच चूक त्याच ओळीत सापडली, तर तपासणारा काय समजतो? चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६, कारण आपल्या पूर्वजांत दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र झालं. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी जनुकीय अक्षरं आज त्याच्या पोटात सापडतात. अंड्यातला बलक बनवणाऱ्या जनुकांचे तुटके अवशेषही आपल्यात आहेत, अंडी घालणं सोडून युगं लोटली तरी. यातलं काहीही माझ्या मानण्या-न मानण्यावर अवलंबून नाही. तेव्हा उत्क्रांतीचा विषय संपला.

भाषण बंद झालं ते एका बाईमुळे. तेही खरं म्हणजे माझ्यामुळेच.

डिसेंबर होता. उमरेडच्या बाजूचं एक गाव, झेडपीच्या शाळेचा हॉल, सतरंज्या, समोर शे-सव्वाशे माणसं. एकीकडे रक्ताचे नमुने घेणं चालू, दुसरीकडे माझं भाषण. सोबत नेहमीप्रमाणे संत्र्यांची पिशवी. आधी गुलोची गंमत, लोक हसतात, पोरांना संत्री वाटायची, मग मुख्य विषय. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, त्यामुळे त्या प्रथिनाच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या कडीऐवजी व्हॅलीन ही कडी येते, आणि ऑक्सिजन कमी पडला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही जनुकं तसली आली की पोर एसएस, म्हणजे रुग्ण. एकच आलं की एएस, म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नाही. मग आवाज थोडा चढवून मी विचारायची: इतका वाईट आजार, तर हे जनुक केव्हाच संपून का गेलं नाही? आणि थांबायची. ते थांबणं मी बसवलेलं होतं, खोटं कशाला बोलू.

उत्तर मलेरिया. एका जनुकाच्या वाहकाच्या रक्तात मलेरियाचा जंतू नीट पोसला जात नाही. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियानं पोरं मेली, तिथे वाहक पोरं जास्त जगली, आणि त्यांच्याबरोबर ते जनुकही. माझं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "हा शाप नाही, हे तुमच्या पूर्वजांना मिळालेलं संरक्षण आहे." टाळ्या पडायच्या.

त्या दिवशीही पडल्या. मी पिशवी आवरत होते. एक बाई पोरीला घेऊन समोर आली. पोरगी अकरा वर्षांची, दिसायला आठची. डोळ्यांत पिवळी झाक. कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल. थंडीत यांची हाडं फार दुखतात. बाईच्या काखेत रिपोर्टांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि हातात मीच वाटलेलं संत्रं. बोलता बोलता ती एकेक फोड सोलायची, वरचे पांढरे धागे काढायची आणि पोरीच्या तोंडात द्यायची.

"मॅडम, तुमी चांगलं सांगतलं जी," ती म्हणाली. "मले एक सांगा. मलेरियापासून बाकीच्याइले वाचवाले माह्याच पोरीचा नंबर कावून लागला?"

भांडण नव्हतं तिच्या आवाजात. रेशनच्या दुकानात यादीत नाव कसं राहिलं हे विचारावं, तसं विचारलं.

मी काय केलं? मी शिकवायला लागले. नवरा-बायको दोघंही वाहक असले की दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते, नंबर कुणी लावत नाही, तो योगायोग असतो. तिनं ऐकून घेतलं. "ते मले ठावं हाय. डॉक्टरनं सांगतलं व्हतं. मी म्हंते, थ्यो फायदा कोनाले झाला?" पोरीनं फोड चावता चावता माझ्याकडे बघितलं. ती सगळं ऐकत होती. तिच्यासमोर मी पंधरा मिनिटांपूर्वी माईकवरून सांगितलं होतं, की तिचा आजार ही तिच्या पूर्वजांना लाभलेली गोष्ट आहे.

फायदा वाहकांना झाला. एसएस पोरांना नाही. जुन्या काळी तर ती बहुतेक लहानपणीच जात असणार. मलेरियानं काही मरायची, सिकलसेलनं काही मरायची, मधली जगायची, आणि त्या हिशेबात जनुक टिकायचं. त्या हिशेबातल्या कुठल्या रकान्यात तिची पोर बसते, हे तिला अचूक कळलं होतं. माझ्या भाषणातून एवढं नेमकं दुसऱ्या कुणालाच कधी कळलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "गोळ्या वेळेवर देता ना?" ती "हो जी" म्हणाली आणि गेली. सालं सतरंजीवर टाकली नाहीत, रिपोर्टांच्या पिशवीत ठेवली.

आता माझ्यातली जुनी बाई भांडते. म्हणते, अगं, तुझं भाषण चुकीचं होतं का? नव्हतं. 'संरक्षण' हा शब्द चुकला. निसर्ग कुणाचं संरक्षण करत नाही, मेलेले मेले आणि उरलेल्यांच्या अंगात जे होतं ते पुढं आलं, एवढंच. पण तेवढा शब्द बदलून भाषण चालू ठेवता आलं असतं की! आणि ती म्हणते ते खरं आहे. याच गोष्टीमुळे एका सासूनं सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणं थांबवल्याचं मी पाहिलंय, कारण दोष दोन्हीकडून आल्याशिवाय पोर आजारी होत नाही हे तिला पटलं. 'आमच्याच समाजात का' म्हणून मान खाली घालणारे तरुण मलेरियाचं ऐकून ताठ बसायचे. ते काय खोटं होतं?

मग मी तिला म्हणते, ते ताठ बसायचे आणि तुला ते बघायला आवडायचं. भारतीय रुग्णांत जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून आजार त्यामानानं सौम्य, हेही तू पुस्तकातून सांगायचीस. नागपुरात रात्री तीनला वॉर्डात पोराचे पाय चेपत बसलेल्या आईला सांगून बघ सौम्य.

यावर ती गप्प बसते. पण पटलं म्हणून नव्हे. तिला ठाऊक आहे, मी भित्री आहे. एका बाईनं नीट प्रश्न विचारला आणि मी पळून आले, हेही एक उत्तर आहेच, आणि ते मी बँकेच्या रांगेत कुणाला देत नाही.

शिबिरांना मी जाते. हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. नोंदणीच्या टेबलावर बसते, नाव, वय, गाव लिहिते, बाटलीवर चिठ्ठी लावते. गेल्या महिन्यात विशीतला एक मुलगा समोर आला. एएस निघालेला, लग्न ठरत होतं. म्हणाला, "मॅडम, हे आपल्याकडंच का आलं?" मी म्हटलं, मुलीची तपासणी आधी करून घ्या, बाकीचं रांग संपल्यावर सांगते. मला वाटलं, जाईल.

रांग दीड तासानं संपली. तो भिंतीला टेकून उभा होता.