मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कोणती गाडी चालते?

सोलापुरात गाड्यांचा नाद असलेली चार माणसे एकत्र आली की चहा येण्याआधीच वाद सुरू होतो. एकाला 2020 मध्ये आलेली नवी थार हवी असते, दुसरा फोर्सच्या गुरखाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियल लॉकचे (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना एकत्र बांधून सारखेच फिरवणाऱ्या सोयीचे) गुणगान गातो, आणि माझ्यासारखा कोणी 1985 मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्या जिप्सीचे नाव काढतो तेव्हा "मालक, ती आता भंगारात शोधा" हे उत्तर ठरलेले असते. माझे म्हणणे असे की दगडधोंड्यांच्या घाटवाटांवर ठरलेली गुणवत्ता आपल्या जिल्ह्यात फारशी कामाची नाही. गाडी सप्टेंबरातल्या काळ्या मातीत पारखावी, आणि घरी परतल्यावर अंगणात तिचे किती काम आपल्या हाताने उरकता येते, हेही त्या हिशेबात धरावे.

मंगळवेढ्याची खोल काळी जमीन पावसाची ओल महिनोन्महिने धरून ठेवते, म्हणून तिथे रब्बीची ज्वारी पिकते आणि त्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गाडीच्या मुळावर येतो तो नेमका हाच गुण. ही चिकणमाती पाण्याने फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते, आणि थोड्याच अंतरात नवा टायरही गुळगुळीत होऊन जातो. मग चारही चाकांना ताकद मिळाली तरी चार गुळगुळीत चाके जागच्या जागी फिरतात, एवढेच. म्हणून पहिला खर्च रुंद खाचांच्या, फिरताना चिखल झटकून टाकणाऱ्या टायरांवर करावा. नान्नजकडच्या हलक्या जमिनीत खाली मुरूम लागतो, तिथे अरुंद टायर वरचा चिखल कापून मुरमावर टेकतो. (माळढोकच्या अभयारण्यात मात्र रस्ता सोडून गाडी घालूच नये.) मंगळवेढ्याच्या रानात असा तळ लवकर सापडत नाही, आणि तिथे गाडीचे वजन निर्णायक ठरते. जिप्सी साधारण एक टनाची, मारुतीचीच जिम्नी सुमारे 1200 किलोची, आणि थार पावणेदोन टनांच्या आसपास. उसाच्या ट्रॅक्टरांनी पाणंदीत पाडलेल्या खोल चाकोरीत एका बाजूचे चाक नुसतेच फिरू लागले तर डिफरन्शियल लॉक खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य. परंतु दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकले की तो लॉकही हतबल होतो आणि शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जिप्सीला चारही चाकांवर पाट्यांचे स्प्रिंग असल्यामुळे पंढरपूरला पोहोचेपर्यंत कंबर बोलू लागते, हे जिप्सीवाले सहसा सांगत नाहीत.

खरे काम घरी आल्यावर सुरू होते. चिखल ओला असतानाच गाडी धुवावी, कारण वाळलेली काळी माती खरवडूनच काढावी लागते. रिमच्या आतल्या बाजूला राहिलेल्या ढेकळाने चाकाचा तोल जातो, हायवेवर स्टिअरिंग थरथरते, आणि माणूस विनाकारण व्हील बॅलन्सिंगचे पैसे मोजतो. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून पाहावेत, आणि प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस भरायचे निपल असेल तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. ओढ्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शियलचे, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचे, ऑइल तपासल्याशिवाय राहू नये. तापलेले डिफरन्शियल अचानक थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. अशा वेळी आधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सैल होतो ना हे पाहावे आणि मगच खालचा उघडावा. नाहीतर ऑइल सांडून गेलेले, वरचा बोल्ट जाम, आणि गाडी जागेवर. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर सगळे बदलावे. रेडिएटरच्या जाळीतला गाळ इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढावा, कारण चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात अर्धी बुजलेली जाळी इंजिनाला परवडत नाही. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये, स्टँड लावावेतच. नव्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेल पाइपला, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीला, हात लावू नये. त्यातला दाब हजार बारच्या वर असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते.

थारवाला मित्र आता टायर बदलायच्या विचारात आहे. पाणंदीतून डांबरी रस्त्यावर आल्यावरही तो फोर व्हील ड्राइव्ह तसेच ठेवतो, त्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते, पुढच्या-मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असल्यामुळे तो फरक कोरड्या डांबरावर कुठेच सुटत नाही, आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो, असे मी सांगतो. "अजून तर काही तुटलं नाही" असे तो सांगतो.