बसायला दुखतंय हे दुकानात कसं सांगायचं

पहिले दोन महिने सायकलवरून उतरल्यावर सोसायटीच्या गेटपासून लिफ्टपर्यंत मला नीट चालता यायचं नाही आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. कारण दुखायचं ते बसायच्या जागी, आणि ते तोंडाने बोलायचं कसं. आता दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा चालवते, रविवारी पन्नास किलोमीटर होतात आणि दुखत नाही. मधे काय काय केलं ते सगळं लिहितेय, खास करून बायकांसाठी, कारण मला तेव्हा असं कोणीतरी मराठीत उघड लिहिलेलं हवं होतं.

मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ४२, उंची ५ फूट २ इंच. लहानपणी चिपळूणला तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, त्यावर हाफ पायडल मारत शिकले, मग दहावीपर्यंत शाळेत सायकलनेच. नंतर मुंबई आणि वीस वर्षं लोकल. मागच्या तपासणीत शुगर बॉर्डरवर आली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, पण चालायचा मला मनापासून कंटाळा आहे. एका पहाटे रिक्षातून जाताना ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सायकलवाल्यांचा ग्रुप बघितला, मागचे लाल दिवे लुकलुकत एका रेषेत चाललेले, आणि डोक्यात पक्कं झालं की आपल्याला हे करायचंय.

ऑफिसमधल्या एकाने त्याची रोडबाईक (पातळ चाकांची, वाकड्या हॅन्डलची, वेगाने चालवायची सायकल) विकायला काढली होती, जवळजवळ नवीन आणि अर्ध्या किमतीत, मी लगेच घेतली. ती होती ५६ साईजची. रोडबाईकला साईज असते हेच मला माहीत नव्हतं, आमच्या वेळी २२ इंची आणि २४ इंची एवढंच. तर हा आकडा फ्रेमचा असतो, सेंटीमीटरमधे, कंपनीगणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण ५६ म्हणजे साधारण पावणेसहा फुटांच्या वरच्या माणसाची सायकल. माझ्या उंचीला ४८-४९ लागते. मला वाटलं सीट खाली केली की झालं. सीट खाली येते हो, पण सीटपासून हॅन्डलपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, हॅन्डलला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे स्टेम, आखूड टाकला तरी दोन-तीन सेंटीमीटरचाच फरक पडतो. मी हात लांब ताणून, कोपर ताठ करून चालवायचे, मान आखडायची आणि पुढे वाकल्यामुळे सगळा भार बसायच्या हाडांवरून सरकून पुढच्या नाजूक भागावर यायचा. हे मागाहून कळलं. तेव्हा वाटायचं आपलंच वजन जास्त आहे, आपल्यालाच सवय नाही.

एका दुकानात गेले. तिथे तीन-चार मुलगे उभे, काउंटरवरही पुरुषच. मी म्हटलं सीट कडक लागतेय. त्यांनी जेलचं जाडजूड कव्हर काढून दिलं, म्हणाले मॅडम सवय होईल. त्याने त्रास वाढला. पहिली पाच मिनिटं गादीसारखं वाटतं, मग हाडं जेलमधे रुतून खाली जातात आणि मधला जेल वर येऊन नको तिथे दाबतो. मऊ म्हणजे आरामदायी हे सायकलच्या सीटला लागू होत नाही, निदान तासाभराच्या वर चालवायचं असेल तर नाहीच.

मार्ग सापडला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे, त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. मी गेले होते मान दुखते म्हणून. त्यांनी मान बघितली, मग सरळ विचारलं, "आणि अगं, खाली दुखत नाही का? सुन्न होतं का?" मी गप्पच झाले. मग म्हटलं, "हो वहिनी, कधीकधी अर्धा तास काहीच कळत नाही तिथे." त्या म्हणाल्या सुन्न होणं म्हणजे नस आणि रक्तपुरवठा दाबला जातोय, ह्याची सवय करायची नसते, ते थांबवायचं असतं. हे वाक्य मला दोन महिने आधी कोणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी आतून खोक्याचा पुठ्ठा आणला, तो आतून नळ्यानळ्यांचा असतो ना तो. लाकडी स्टुलावर ठेवला आणि मला पातळ पायजम्यात त्यावर बसायला सांगितलं, पाय थोडे उचलून, किंचित पुढे वाकून, अर्धा मिनिट. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले. आपण बसतो ती दोन हाडं ती. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजलं, १२७ मिलिमीटर. त्यात साधारण २० ते २५ मिळवायचे, म्हणजे सीटची रुंदी, तर मला १५० च्या आसपास. माझ्या सायकलची सीट होती १३० ची. म्हणजे माझी हाडं सीटच्या कडेवर होती आणि भार मधल्या भागावर. बायकांच्या कमरेचं हाड सरासरीने रुंद असतं म्हणून हे अंतरही बहुतेक जणींचं जास्त भरतं, पण प्रत्येकीचं वेगळं, आणि बाहेरून जाडी बघून ते कळत नाही. मोजावंच लागतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. ती ५६ ची सायकल एका उंच मुलाला विकली, थोडं नुकसान झालं, झालं तर झालं. आणि नवीन घेताना आधी तीन दुकानांत नुसती बसून बघितली, पैसे न देता. ४९ ची घेतली, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, शिमानो कंपनीचे साधे क्लॅरिस गिअर, मागे आठ, पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या. मागची सगळ्यात मोठी चकती ३२ ची मुद्दाम बघून घेतली कारण फ्लायओव्हर चढताना तीच लागते. ५२ हजार गेले. त्यावर १५५ ची, मधे खाच असलेली सीट वेगळी घेतली, ४ हजारांची, आणि हे ४ हजार माझ्या मते सगळ्यात कारणी लागले. हात लावून बघितली तर ती सीट कडक आहे, नवरा म्हणाला ह्याच्यावर कशी बसणार. बसते.

सीट बसवली म्हणून काम संपत नाही, उंचीचं राहतं. साधी रीत अशी की पायडल एकदम खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे मग पंजाने चालवताना गुडघ्यात थोडासा बाक राहतो. एक हिशेबही आहे, भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांच्या मधे पुस्तक वरपर्यंत घट्ट धरून जमिनीपासूनची उंची मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचं, तेवढं अंतर पायडलचे दोन्ही दांडे जिथे जोडलेले असतात त्या मधल्या बोल्टापासून सीटच्या माथ्यापर्यंत. माझी ही पायांची उंची भरली ७३ सेंटीमीटर, म्हणून सीट साडेचौसष्टवर. हा नुसता सुरुवातीचा आकडा, मग पाच-पाच मिलिमीटरने खालीवर करायचं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून ताणलं किंवा कंबर डावी-उजवी डोलायला लागली तर वर आहे. आपल्याकडे सिग्नलला दोन्ही पाय टेकायला हवेत म्हणून बरेच जण सीट खालीच ठेवतात, मीही ठेवायचे. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा, हे शिकायला मला एक रविवार लागला, सोसायटीच्या आवारातच.

आता पॅडेड शॉर्ट, म्हणजे बसायच्या जागी पॅड शिवलेली सायकलची घट्ट चड्डी. ह्याबद्दल स्पष्टच लिहिते. ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. मी पहिले काही आठवडे आत घालून वर ही घालत होते आणि तीच शिवण घासून घासून जखमा झाल्या. पॅड अंगालाच लागायला हवा, म्हणून तर तो बिनशिवणीचा असतो. पॅड खूप जाड नको, दाट हवा, बोटांनी दाबल्यावर लगेच तळाला टेकला तर ती शॉर्ट लांबच्या राईडला उपयोगाची नाही. बायकांच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तो मागून घ्या, पुरुषांची छोटी साईज देतात ती घेऊ नका. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट कमरेला काचत नाही हे खरं, पण टॉयलेटला जायचं तर वरचं सगळं काढावं लागतं, आणि पहाटे साडेपाचला मुंबईत बाईमाणसाला टॉयलेट मिळणं हीच मोठी गोष्ट आहे, पेट्रोल पंपावर मिळतं, कधी कुलूप असतं. म्हणून मी साधी कमरेचीच वापरते. बाहेर पडताना वरून सैल ट्रॅक पँट घालायचे, आता नाही घालत.

घरी आल्या आल्या ती काढून आंघोळ, चहासुद्धा नंतर. ओल्या घामात बसलं की तिथे पुळ्या येतात. आणि आपल्या पावसाळ्यात पॅड दोन दिवस वाळत नाही, ओलसर पॅड परत घातला तर गेलाच, म्हणून दोन जोड लागतातच. पंख्याखाली उलटी करून टाकते, कपडे मऊ करायचं लिक्विड घालत नाही. वर सुती टी-शर्ट घालणंही बंद केलं, इथल्या दमट हवेत तो घामाने भिजून अंगाला चिकटून राहतो, पॉलिएस्टरची जर्सी लवकर वाळते आणि तिच्या पाठीमागच्या तीन खिशांत फोन, चिक्की आणि पैसे राहतात.

हाताचं वेगळंच. अर्ध्या तासाने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने नस जाते तिच्यावर भार पडतो म्हणून. थोडे जेल असलेले ग्लोव्हज घेतले, पण खरा फरक पडला तो कोपर सैल ठेवून आणि दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदलून, कधी वरच्या आडव्या दांडीवर, कधी ब्रेकच्या मुठींवर. माझे हात लहान, ब्रेक ओढायला बोटं ताणावी लागायची, तर ब्रेकचा लिव्हर जवळ आणायची सोय असते, मेकॅनिककाकांनी पाच मिनिटांत करून दिलं. हे सांगितलं नाही तर कोणी करून देत नाही.

टायरबद्दल मला सगळ्यात जास्त चुकीचं सांगण्यात आलं. २५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते आणि १०० पीएसआय हवा भरा म्हणाले. आमच्याकडचे पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामामुळे उखडलेला एलबीएस रोड, फ्लायओव्हरच्या जोडपट्ट्या, दात हलायचे अक्षरशः. आता २८ चे आहेत (आधी बघा तुमच्या फ्रेममधे आणि ब्रेकमधे ते मावतात का) आणि माझं वजन ५८ किलो, तर ७० च्या आसपास हवा ठेवते, पावसात अजून थोडी कमी. पकड चांगली मिळते, अंग मोडत नाही आणि वेग कमी झाला असं मला तरी जाणवलं नाही. फार कमी हवाही नको, खड्ड्यात ट्यूब रिमला चिमटून फुटते. आणि गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर पातळ चाक सरळ आत जातं, तिकडे नजर ठेवा, डाव्या कडेला अगदी चिकटून चालवू नका.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्ही सारखे जुळलेले, हनुवटीखाली एक-दोन बोटं जाण्याइतकीच जागा, मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा उजाडल्यावरही चालू. एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप सीटखालच्या पिशवीत. पायाला क्लिपवाले, म्हणजे पायडलमधे अडकून बसणारे, शूज अजून घेतले नाहीत, साधे चपटे पायडल आणि कडक तळव्याचे बूट ह्यावर माझं व्यवस्थित चाललंय, दुकानदार पहिल्याच दिवशी क्लिप गळ्यात मारायला बघतात, घाई करू नका.

माझा रविवारचा रस्ता मुलुंडहून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोडने वाशी, मग पाम बीच रोडने बेलापूर आणि परत. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू ह्यावर सायकलला बंदी आहे, नवीन लोक विचारतात म्हणून लिहिलं. हिवाळ्यात नेरुळच्या बाजूला खाडीत फ्लेमिंगो दिसतात, मी तिथे दहा मिनिटं थांबतेच, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी तिथेच संपवते. पहिल्यांदा पन्नास पूर्ण झाले त्या दिवशी लिफ्टपाशी आले तेव्हा लक्षात आलं की आपण सरळ चालत आलोय.

मागच्या रविवारी पाम बीचला माझ्या पुढे एक मुलगी होती, कॉलेजची असावी, दर मिनिटाला सीटवरून उठून उभी राहात होती. मला लगेच कळलं. पुढे चहाला थांबलो तिथे मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "बसायला दुखतंय का गं?" तिने आधी आजूबाजूला बघितलं, तिच्याबरोबरची मुलं लांब होती, मग म्हणाली, "हो काकू, खूप, आणि ह्यांना कसं सांगू?" तिच्या सीटवर तेच जेलचं कव्हर होतं. आम्ही ते तिथेच सोडवलं, तिने गुंडाळून जर्सीच्या खिशात टाकलं, पुठ्ठ्याचं सगळं मी तिला समजावलं आणि चहा गार झाला तो तसाच प्यायलो. घरी जाऊन माप घेऊन कळवते म्हणाली आहे.